पांढऱ्यावरच पाय

१३ जानेवारी, सोमवार

तुला 'प्रिय' लिहायचा हक्क मी गमावलाय, आणि नुसत्या नावाने सुरुवात केली तर वकिलाची नोटीस वाटेल. म्हणून वरची ओळ कोरी सोडली आहे. तुला हवं ते भर. शिवी असली तरी चालेल.

फोनवर तू मला अडवून ठेवलंयस, तेव्हा पत्र. हॉस्टेलचा पत्ता तोच असेल असं धरून चालतोय. आठ महिन्यांत पत्ता बदलत नाही, माणसं बदलतात, असं काहीतरी फिल्मी लिहिलं होतं, ते खोडलंय. खाडाखोड दिसली तर समजून घे.

मी सायकलच्या दुकानात काम करतो. शाळेच्या रस्त्यावरचं, आपण हवा भरायला जायचो तेच. मिस्त्री म्हणतात, इंजिनिअर अर्धा राहिलास तर राहिलास, पंक्चर तरी पूर्ण काढ. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण मिस्त्री त्यांच्या वाटणीचंही बोलून घेतात.

गेल्या आठवड्यात काकू आल्या होत्या, तुझी जुनी हिरवी सायकल घेऊन. तुझी भाची बरोबर होती, तिच्यासाठी सीट खाली करून हवी होती. टिंगी सात वर्षांची झाली आणि आत्याची सायकल आता आपली, असं तिने गल्लीभर जाहीर केलंय. काकूंनी मला ओळख दाखवली नाही, मग मीही नाही. सीट पार खाली ठोकली तरी टिंगीचे नुसते चवडे टेकतात. मी म्हटलं, सहा महिने हिने रस्त्यावर ढकलतच न्यावी, चालवायची ती मैदानात. काकू म्हणाल्या, बरं. आठ महिन्यांत तुमच्या घरातून मला मिळालेला हा एकच शब्द.

खरी बातमी पुढे आहे. शाळेसमोरच्या रस्त्यावर झेब्रा आला. शाळेने अर्ज देऊन दीड वर्ष झालं होतं. तो अर्ज घेऊन रस्ते खात्यात मीच चार खेपा घातल्या आणि दर खेपेला एक टेबल पुढे सरकलो. चौथ्या खेपेला ज्यांच्या टेबलाशी पोचलो त्या इंजिनिअर बाई महिनाभर रजेवर. मी टेबलावर हात आपटला, पेनं सांडली, शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तुला यात काही नवल वाटणार नाही.

आणि काल, रविवारी दुपारी, झेब्रा उगवला. असं ऐकतो की एक माणूस नारिंगी जॅकेट घालून आला, सुतळीला खडूची पूड लावून त्याने रेघा मारल्या आणि रंगवायला बसला. नारिंगी जॅकेट घातलं की माणूस आपोआप सरकारी होतो. एकाने त्याला विचारलं, गटाराचं झाकण कधी बसवताय. समोरचे आजोबा म्हणाले, आत्ता उजाडलं होय, आणि वर तांब्याभर पाणी आणून दिलं. ट्रॅफिकच्या हवालदाराने त्याच्यासाठी गाड्या दुसरीकडून वळवल्या. पट्टे अर्धा मीटर रुंद, मधली जागा अर्धा मीटर, लांबी तीन मीटर. कुणी काढले देव जाणे, पण ज्याने काढले त्याला काम येतं.

बरोबर तुमच्या घरासमोर आहे. पोरं तिथूनच ओलांडतात म्हणून तिथे. दुसरं काही कारण नाही.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीन, ते तुला माहीत आहे.


२१ जानेवारी, मंगळवार

उत्तर आलं नाही. ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण चालवून घेतोय.

झेब्रा आला तरी पोरं त्याच्याकडे फिरकेनात. सवयीने आपली पलीकडच्या कोपऱ्यावरून, वह्यांच्या दुकानापासून ओलांडायची. माझं डोकं फिरलं. एवढे सुरेख पट्टे आणि त्यांच्यावर फक्त एक कुत्रं झोपतं. मग मी खेळ काढला. पांढऱ्यावरच पाय. मधलं काळं म्हणजे पाणी, पाण्यात मगर. तीन दिवसांत सगळी शाळा झेब्र्यावर आली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, एका जागेवरून ओलांडा म्हणून आम्ही वर्षभर ओरडून जे झालं नाही ते तुझ्या मगरीने केलं.

टिंगीने विचारलं, सायकलचं चाक पाण्यात गेलं तर मगर खाते का. चाकाला खात नाही, असा निवाडा दिला. तेव्हापासून ती तुझी सायकल ढकलत, मान खाली घालून, जीभ दाताखाली धरून, एकेक पट्टा मोजत जाते. तू ड्रॉइंग काढताना अशीच जीभ धरायचीस. हे वाक्य मी खोडणार होतो.

रोज सकाळी पाण्याच्या टाकीपाशी अकरा पोरं गोळा करतो आणि रांगेने शाळेपर्यंत आणतो. सात चालत, चार सायकली ढकलत. टेबल टेनिसची जुनी बॅट लाल रंगवली आहे. बॅट दाखवली की गाड्या थांबतात.

बहुतेक थांबतात.

शुक्रवारी एक मोटार थांबली नाही. बॅटला घासून गेली, बॅट उडून गटाराजवळ पडली. पोरं हसली, मीही हसलो. नंतर दुकानात एक साधी चेन चढवताना तीनदा हातातून निसटली. मिस्त्रींनी माझ्या हातांकडे बघितलं आणि पाना स्वतः घेतला.

त्या दिवसापासून मी एकही सकाळ चुकवलेली नाही. शनिवारी अंगात ताप होता तरी गेलो. कारण मी नसलो की कसं होईल, हे मनातून जात नाही. आणि मग वाटतं, ओलांडायची जागा माणूस उभा केल्याशिवाय चालली पाहिजे ना? मग ही का चालत नाही? पट्टे मापात आहेत. तुझ्या वहीच्या झेरॉक्सवरून मी पुन्हा पुन्हा ताडून बघितलंय.

तुला काही सुचलं तर तेवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.


३० जानेवारी, गुरुवार, दुपार

टिंगी बरी आहे. हे आधी लिहितो.

डाव्या मनगटाचं हाड मोडलंय. पाच आठवडे प्लास्टर. डोक्याला काही नाही, डॉक्टरांनी दोनदा तपासलं. काकूंनी फोन केला असेलच, पण काकूंनी घडताना पाहिलं नाही, मी पाहिलं. म्हणजे शेवट पाहिला.

आज मला चार मिनिटं उशीर झाला. दुकानात काम निघालं होतं. पोरं टाकीपाशी थांबली, कंटाळली आणि आपापली निघाली. टिंगी सगळ्यांच्या पुढे. मी मागून पळत येत होतो. तुमच्या घरासमोर रोजच्या गाड्या लागलेल्या, फर्निचरवाल्याचा टेम्पो आणि दोन मोटारी. त्यांच्या मधून ती झेब्र्यावर उतरली. मान खाली. पहिला पट्टा, दुसरा पट्टा. तिसऱ्यावर स्कूटर.

स्कूटर जोरात नव्हती. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. स्कूटरवर चौकात ज्यांचं दुकान आहे ते चष्मेवाले होते. मी त्यांची कॉलर धरून दोन ठेवून दिल्या. त्यांचा स्वतःचा चष्मा फुटला. ते एकच म्हणत राहिले, मला दिसली नाही हो. मी ओरडलो, चष्मे विकता आणि एवढी पोर दिसत नाही? लोक हसले. अशा वेळी लोक हसले, आणि मला बरं वाटलं.

टिंगीला उचलून मीच दवाखान्यात पळालो. ती रडली नाही. ती म्हणत होती, "मी पांढऱ्यावर होते." मला म्हणाली, नर्सला म्हणाली, एक्स-रे काढणाऱ्याला म्हणाली. "मी पांढऱ्यावरच होते."

तुझ्या सायकलचं पुढचं चाक गेलं. ते मी बसवतोय.


५ फेब्रुवारी, बुधवार

चष्म्याचं दुकान शुक्रवारपासून बंद आहे. माझं ते वाक्य कुणीतरी खडूने शटरवर लिहिलंय. पोरं शाळेतून जाता-येता ते मोठ्याने वाचतात. मला मात्र लोक पाठीवर थाप मारून सांगतात की बरा धडा शिकवलास. केस कापायला गेलो तर न्हाव्यानेही ऐकवलं. एरवी मी कुणाला मारलं की मला सुनावायला तू असायचीस. आता सगळं गाव कौतुक करतंय आणि तू नाहीस.

काल काकूंनी मला घरात बोलावलं. टिंगीला उचलून पळालो म्हणून. तुझ्या दादानेही खुर्ची दिली. चहा आला. मी कप तसाच खाली ठेवला. टिंगीच्या प्लास्टरवर सगळ्या वर्गाने सह्या केल्यात. तिने मला पेन दिलं. मी म्हटलं, नंतर करतो.

आणि आज खरी गंमत झाली. रस्ते खात्याच्या त्या इंजिनिअर बाई रजेवरून आल्या आणि सकाळी मोजायची फीत आणि दोन माणसं घेऊन झेब्र्यापाशी हजर. त्यांच्या रजिस्टरमध्ये या झेब्र्याची नोंदच नाही. बरोबरचा माणूस म्हणाला, कुणा जुन्या कंत्राटदाराने मारून ठेवला असेल. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाही हो, तुमचाच माणूस आला होता, नारिंगी जॅकेटवाला. बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हे पट्टे पुसट होतायत, म्हणून वाहनचालकांना दिसत नसतील. अपघातही झाला आहे, तेव्हा आता थांबायला नको. रविवारी, सोळा तारखेला, भट्टीत वितळवून ओततात तो जाड पट्टा याच जागी कायमचा बसवू. पाच-सहा वर्षं हलत नाही तो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले. मी दुकानाच्या दारात पाना घेऊन उभा होतो आणि माझी पाचावर धारण बसली होती. सगळ्यांना हवं होतं तेच होतंय. मग मला असं का वाटतंय की कुणीतरी एक खड्डा खणलाय आणि आता त्याला संगमरवर लावतायत?

अजून अकरा दिवस. तू काहीतरी लिही.


११ फेब्रुवारी, मंगळवार

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, वहीच्या पानाची पट्टी. वरची ओळ माझ्यासारखीच कोरी, खाली सही नाही. मला तोंडपाठ झालंय:

"झेब्रा तू काढलायस हे पहिल्याच पत्रात कळलं. दोन्हीकडचं किती लांबचं दिसतं ते मोजलंस का? मोजलं असशील तर कुठल्या उंचीवरून?"

मोजलं होतं. खरंच मोजलं होतं, शपथ. फुटपाथच्या कडेला उभं राहून वळणापर्यंत साठ पावलं स्वच्छ दिसलं होतं. मोटारींची टपं माझ्या हनुवटीला येतात, त्यांच्यावरून रस्ता दिसतो. आणि तो रविवार होता, टेम्पोही नव्हता.

कुठल्या उंचीवरून, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझ्या.

काल सकाळी पोरांना सोडल्यावर सगळ्या गाड्या लागलेल्या असताना मी तिथे परत गेलो. टिंगीची उंची मला माहीत आहे, तिची सीट मीच बसवली आहे. तुझ्या सायकलच्या घंटीच्या एक वीत वर तिचे डोळे येतात. तेवढ्या उंचीवर माझे डोळे यावेत म्हणून कडेला गुडघ्यांवर बसलो.

तिथे रस्ताच नाही. मोटारीचं दार आहे आणि त्यात आपलंच तोंड. दुसऱ्या बाजूला टेम्पोचं चाक. गाडीचा आवाज येतो, पण गाडी दिसत नाही. दिसते तेव्हा दोन हातांवर असते. एक पाऊल पुढे सरकून पाहिलं, मग अजून एक. नीट दिसायला लागलं तेव्हा मी जवळजवळ तिसऱ्या पट्ट्यावर होतो, आणि एक बाई ब्रेक लावून मला शिव्या देत होती.

उशिरा आलेली दोन पोरं विचारायला लागली, काय हरवलं, आम्ही शोधू का.

म्हणजे त्या माणसाला खरोखर दिसली नव्हती. तिला तो दिसत नव्हता, त्याला ती दिसत नव्हती, आणि वर मी तिला खाली बघायला शिकवलं होतं. पट्टे नसलेल्या रस्त्यावर उतरली असती तर निदान घाबरून थांबली असती. तिला वाटलं पांढऱ्यावर कुणी काही करत नाही. तसं तिला मी सांगितलं होतं.

तुझ्या वहीचं झेरॉक्स माझ्याकडे सेहेचाळीस पानांपर्यंत आहे. शेवटच्या पानावर पट्ट्यांची मापं. सत्तेचाळिसाव्यावर काय होतं ते आता कळलं: किती लांबचं दिसायला हवं ते. ते पान झेरॉक्स करायच्या आठवड्यात मी प्रॅक्टिकलच्या सरांच्या तोंडावर शीट फाडून बाहेर पडलो होतो. तू जिन्यात म्हणाली होतीस की मला राग येत नाही, मला काही पुरं करायचं नसतं म्हणून मी राग आणतो. मी तुला तेव्हा काय काय बोललो. ते सगळं मागे घेतो. लेखी.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

अजून दोन गोष्टी राहिल्यात. त्या लिहिल्याशिवाय मला उद्याचं काम करता येणार नाही.

पहिली. त्या गुरुवारी दुकानात काही काम निघालं नव्हतं. पोस्टमन आठच्या सुमाराला मिस्त्रींकडे सायकलमध्ये हवा भरायला थांबतो. तुझं पत्र आलंय का म्हणून मी त्याला अख्खी थैली उपसायला लावली. तो नाही नाही म्हणत होता, मला खरं वाटत नव्हतं. ती चार मिनिटं तिथे गेली.

दुसरी जास्त वाईट आहे. पोरं तुमच्या घरासमोरून ओलांडत नव्हती. झेब्रा काढायच्या आधी मी तीन सकाळी वही घेऊन मोजणी केली होती. कोपऱ्यावरून, वह्यांच्या दुकानापासून, एकशे बारा. तुमच्या घरासमोरून नऊ. कोपऱ्यावर आग विझवण्याच्या पाण्याचा खांब आहे, म्हणून तिथे कुणी गाडी लावत नाही आणि दोन्हीकडचं लांबवर दिसतं. पोरांना मोजमाप येत नव्हतं तरी कळत होतं. आकडे माझ्या वहीत होते, माझ्या अक्षरात.

तरी मी तिथे काढला, कारण कोपरा तुझ्या खिडकीतून दिसत नाही.

सुटीत तू येशील, सकाळी खिडकी उघडशील, खाली पांढरे पट्टे दिसतील, त्यावरून पोरं जात असतील आणि मी बॅट घेऊन उभा असेन. एवढं सगळं मी मनात रंगवलं होतं. मग रस्ता रंगवला. नऊ पोरांच्या जागी एकशे बारा नेली. त्यांच्यासाठी मगरसुद्धा आणली.

रविवारी ते लोक भट्टी घेऊन येतील आणि माझी खिडकीची हौस तिथे सहा वर्षांसाठी ओततील. मी गप्प बसलो तर कुणालाही कळणार नाही. तुला सोडून. आणि पुढचं पोर प्लास्टरवर सुटेल याची काही खात्री नाही. दोन दिवस मी रस्त्यात स्कूटरचा आवाज आला की दुकानातून उठून बाहेर येतोय.

उद्या ऑफिसात जातो. तोंडी नाही, लेखी देणार, म्हणजे मधेच माझं डोकं फिरलं तरी कागद फिरणार नाही. मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हातातला नट घट्ट केला. मग म्हणाले, "टेबलावर हात आपटायचा नाही. हात खिशात ठेव."

नोकरी जाईल, पोलिसात जावं लागेल, काकू परत ओळख दाखवणार नाहीत. या सगळ्याची भीती वाटते. पण सगळ्यात जास्त टिंगीची वाटते. तिला काय सांगू?


१७ फेब्रुवारी, सोमवार

हात खिशात ठेवले. दोन्ही.

बाईंनी माझा कागद दोनदा वाचला. पहिला प्रश्न विचारला, रंग कुठला वापरलात. दुसरा, जॅकेट कुठून आणलंत. कॉलेजच्या सर्व्हे कॅम्पचं, म्हटलं, परत करायचं राहिलं होतं. मग म्हणाल्या, चला. मला वाटलं पोलीस चौकीत, पण त्या झेब्र्यावर घेऊन आल्या. गाड्या लागलेल्याच होत्या. मी दाखवलं कुठे बसलो होतो ते. त्या ऑफिसच्या चांगल्या कपड्यांनिशी तिथे धुळीत गुडघ्यांवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. उठल्यावर गुडघे झटकत म्हणाल्या, "आम्हीही उभ्यानेच मोजतो."

म्हणून मला सोडलं असं नाही. फाईल उघडली आहे, जबाब झाला आहे, दुसऱ्यांदा बोलावलं की जायचंय. काय व्हायचं ते होईल. पण रविवारची भट्टी कोपऱ्यावर गेली. आणि माझे पट्टे मीच काळे करायचे असं ठरलं. ते त्यांनी ठरवलं नाही, मी मागून घेतलं.

शनिवारी आधी चष्मेवाल्यांकडे गेलो, घरी. सगळं सांगितलं. शटर मी धुतलंय हेही सांगितलं. त्यांनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि दार लावून घेतलं. बरोबरच केलं. आज दुकान उघडलं होतं.

मग तुमच्याकडे. काकूंनी चहा ठेवला होता, माझं ऐकता ऐकता गॅस बंद केला. तुझा दादा उभा राहिला. मला वाटलं आता मार खातोय, आणि खायला तयार होतो. काकूंनी त्याला हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, हे मला नको सांगूस, हिला सांग.

टिंगी जमिनीवर बसून एका हाताने चित्र रंगवत होती. मी खाली बसलो, तिच्याएवढा होऊन.

"ते पांढरं खोटं होतं," म्हटलं.

"कुणी केलं होतं?"

"मी."

तिने जीभ दाताखाली धरून विचार केला. "मगर पण खोटी?"

"मगर खरी होती. ती पांढऱ्यावरही येते. ते मला तेव्हा माहीत नव्हतं."

"मग पायाकडे कशाला बघायचं?" ती म्हणाली. "मगरीकडे बघायला पाहिजे ना."

मी सहीचं विचारलं. ती म्हणाली, जागा संपली. कोपराजवळ बोटभर जागा शिल्लक होती, मला दिसत होती. 

काल दुपारी पट्टे काळे केले. या वेळी जॅकेट घातलं नव्हतं, तर चौघांनी हटकलं, कुणाच्या परवानगीने करतोयस. चिठ्ठी दाखवली. समोरचे आजोबा गॅलरीत आले, म्हणाले, म्हणजे तो पण तूच होतास काय. या वेळी पाणी नाही दिलं. टिंगी तुमच्या फाटकाशी उभी राहून देखरेख करत होती, एका पट्ट्याची कड राहिली तर तिथून ओरडून सांगायची. संध्याकाळपर्यंत रस्ता होता तसा झाला, जरा जास्त काळा.

नवा झेब्रा कोपऱ्यावर आहे. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या कुंड्या ठेवल्यात, गाडी लावता येऊ नये म्हणून. बाईंनी वह्यांच्या दुकानाच्या खांबावर एक रेघ मारून घेतलीय, टिंगीच्या डोळ्यांच्या उंचीवर. यापुढे खात्यातलं कुणी मोजायला आलं तर तिथून वाकून बघायचं. पोरांचा खेळही बदललाय, टिंगीनेच बदलला. कडेला थांबायचं, मगरीचे डोळे शोधायचे. गाडीवाल्याने आपल्याकडे बघितलं की मगर झोपली. मग जायचं.

आज सकाळी टाकीपासून पोरांना मी नेलं नाही. मुख्याध्यापिकांनी दोन बायकांना नेमलंय, आणि माझी फाईल मिटेपर्यंत मी लांब राहावं हे बरं. मी दुकानाच्या दारात उभा राहून मोजत होतो. एकशे सात गेली. सगळी थांबली, सगळ्यांनी मान वर केली, गाड्या थांबल्या. कुणालाही माझी गरज लागली नाही. टिंगी प्लास्टरचा हात वर करून गेली, ट्रॅफिकच्या हवालदारासारखी. मी चेन चढवत होतो, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

नवा झेब्रा तुझ्या खिडकीतून दिसत नाही. सुटीत आलीस आणि बघावासा वाटला, तर कोपऱ्यापर्यंत चालत यावं लागेल. कडेला थांब, दोन्हीकडे बघ. मी तिथे उभा नसेन.

वरची ओळ याही पत्रात कोरीच ठेवली आहे.